शिशाला हात लावू नका

रत्नमालाला घरात एक खिडकी हवी होती, आणि हडकोतल्या त्या रो-हाऊसमधली एकुलती एक बरी खिडकी तिच्या सासूबाईंच्या, भामाबाईंच्या ताब्यात होती.

तशी ती खिडकी नव्हतीच. राजकुमारनं, म्हणजे रत्नमालाच्या नवऱ्यानं, मागच्या गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या आणि तेव्हापासून घरातले तिला खिडकी म्हणू लागले. तिथं उत्तरेचा उजेड असायचा, ऊन मात्र यायचं नाही. सकाळचा चहा झाला की भामाबाई तिथं पाट टाकून बसत. मेथी निवडायची, शेंगा फोडायच्या, समोरच्या गच्चीवर धुणं वाळत घालणाऱ्या लक्ष्मीबाईंशी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचं आणि मधूनमधून चंची सोडून पान लावायचं, असा त्यांचा दरबार दुपारपर्यंत चाले. सिल्लोडकडच्या गावाहून त्या लेकाकडं राहायला आल्या तेव्हा एक पेटी, एक पाट आणि ही चंची घेऊन आल्या होत्या. खणाच्या कापडाची, कप्प्याकप्प्यांची, हाताळून हाताळून मऊ पडलेली. एका कप्प्यात पानं, एकात सुपारी आणि कात, एकात तंबाखू. आणि एक छोटा कप्पा असाच, सटरफटर ठेवायला.

रत्नमालाला रंगीत काचेचा नाद लागला तो पुण्याला बहिणीकडं गेली असताना. बहिणीच्या सोसायटीत एक बाई शिकवायला यायची. रंगीत काचेचे तुकडे कापायचे, कडा घासायच्या, प्रत्येक तुकड्याला कडेनं तांब्याची चिकटपट्टी लावायची, कागदावरच्या चित्रावर ते तुकडे एकमेकांशेजारी मांडायचे आणि मधल्या फटींवरून तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं तार वितळवत न्यायची. ती तार वितळताना चकाकत पुढं सरकते, दोन तुकडे एक होतात, उजेडात धरलं की सुटे तुकडे होते हे सांगूनही खरं वाटत नाही. लग्नाआधी नागसेनवनातल्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या आणि नंतर वीसेक वर्षं पोळ्या लाटलेल्या रत्नमालाचे हात त्या तारेमागं असे वळले, की ती घरी आली ती मनात सगळी मांडामांड करूनच.

"आई, तुम्हाला जिन्यापाशी वारा छान लागेल," ती भामाबाईंना म्हणाली. "इथं नुसती धूळ येते समोरच्या बांधकामाची."

"मला कुठं वारा खायचाय," भामाबाई म्हणाल्या. पण सून कधी काही मागत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच पाट उचलला.

मग घरात आठवडाभर नुसती ठोकाठोक. जुन्या जेवणाच्या टेबलावर प्लायवूड आलं, प्लायवूडवर पत्रा. शोकेसची जुनी काच दोन फळ्यांवर आडवी टाकून तिच्याखाली ट्यूब लावली, म्हणजे वर ठेवलेल्या काचेचा रंग खालून उजळून दिसेल. भिंतीत भोक पाडून पंखा बसवला, धूर बाहेर फेकणारा. घासायच्या मशीनला प्लास्टिकचा टब, कचऱ्याला रंगाची रिकामी बादली, वेगळी केरसुणी, वेगळी सुपली. चेलीपुऱ्यातल्या काचेच्या दुकानात ती गेली तेव्हा म्हातारे दुकानदार चष्मा वर करून म्हणाले, "बाजी, कौनसा शीशा होना? खिडकी का की आईने का?" रंगीत म्हटल्यावर त्यांनी मागच्या फळीवरून अशी काही निळी, हिरवी, मधासारखी पिवळी काच काढली, की रत्नमाला भाव करायचंच विसरली.

तार मात्र तिनं बाहेरून मागवली. रिळावर चिकटवलेल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: कथील इतकं, शिसं इतकं. तिनं ते वाचलं. शिसं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोटात गेलं तर शरीरात साचत जातं, रक्तात जातं, हाडांत जातं, हे तिनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. म्हणून तर पंखा, म्हणून तर वेगळी केरसुणी. काम झालं की ती कोपरापर्यंत हात धुवायची.

हे सगळं ती स्वतःपुरतं करत होती.

संध्याकाळी चहा घेताना राजकुमारनं विचारलं, "धूर-बिर नाही ना फार?"

"थोडा. म्हणून तर पंखा लावलाय."

"कशाचं काम हाय गं ते एवढं?" भामाबाईंनी जिन्यापाशी बसल्याबसल्या विचारलं.

"शिशाचं," रत्नमाला म्हणाली. "शिशाला हात नका लावू बरं का आई."

"व्हय की. मला काय पोर समजली? शिसा कचकन घुसतो हातात."

भामाबाई जन्मभर आरशाला शिसा म्हणत आल्या होत्या, खिडकीच्या तावदानालाही शिसाच. त्यांच्या गावात शीशाचा शिसा झाला होता, आणि शिसं आणि शिसा, दोघांचंही 'शिशाचं'च होतं. त्यांनी काच ऐकली, हे रत्नमालाला तिथल्या तिथं कळलं. "काच नव्हे आई, शिसं. धातू. विषारी असतो तो," एवढं वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं. पण राजकुमार समोर बसला होता. विष म्हटलं की त्यानं कप खाली ठेवला असता. "घरात? आईच्या बसायच्या जागेत?" असं विचारलं असतं, आणि त्याला उत्तर नव्हतं. टेबल, ट्यूब, पंखा, सगळं मग अडगळीत.

तिनं चहाचा घोट घेतला. खोटं तर बोललो नाही आपण, असं स्वतःला सांगितलं, आणि ते पटलंही.

पुढं मग काम जोरात सुरू झालं. आधी एक लहानसा पोपट, मग एक आकाशकंदील. गल्लीतल्या बुद्धविहाराचं बांधकाम नव्यानं चाललं होतं. दारावर एक गोल झरोका ठेवला होता. विहाराच्या महिला मंडळाच्या दीपमालाताईंनी आकाशकंदील पाहिला आणि त्या एका सकाळी घरीच आल्या.

"जय भीम, रत्नमालाताई! दाखवा बघू तुमचा कारखाना."

रत्नमालानं दाखवला. ट्यूब लावून हिरव्या काचा उजळून दाखवल्या. त्या झरोक्यात पिंपळाचं पान करायचं, शिरा पिवळ्या, देठ तांबूस, बुद्धपौर्णिमेला उद्घाटनाच्या आत बसवायचं, असं ठरलंही. दीपमालाताई म्हणाल्या, "खाली तुमचं नाव घालायचं हं कोपऱ्यात. आपल्या गल्लीतल्या बाईनं केलंय हे कळायला नको?" रत्नमालाच्या कानशिलांना ऊब आली. कुणी आपलं नाव कुठं घालायचं म्हटल्याला किती वर्षं झाली होती.

तेवढ्यात मागं खुट्ट झालं. भामाबाई टेबलाजवळ वाकून जमिनीवरचं काहीतरी उचलत होत्या.

"आई!" रत्नमाला ओरडली. "शिशाला हात लावू नका म्हटलंय ना! एकदा सांगून कळत नाही?"

भामाबाई दचकून उभ्या राहिल्या. "नाय लावला, बाई. बघ." त्यांनी उजवा हात पसरून दाखवला. डावा पदराखाली होता.

"काय करणार," रत्नमाला दीपमालाताईंकडं वळून हसली, "लहान मुलासारखं मागं लागावं लागतं."

दीपमालाताईही हसल्या. भामाबाई जिन्यापाशी जाऊन बसल्या. दुपारी जेवताना त्यांनी लोणचं मागितलं नाही, एरवी मागतात. रत्नमालाच्या ते लक्षात आलं, पण तिच्या डोक्यात पान होतं.

पानाचं काम वाटलं होतं त्याहून किचकट निघालं. बारीक शिरा जोडताना तार वितळून थेंब खाली गळत, पत्र्यावरून घरंगळत फरशीवर जात आणि चांदीच्या मण्यांसारखे चकाकत पडत. संध्याकाळी झाडायला घेतलं की मणी कमीच दिसायचे. तिला वाटायचं, आपला हात आता सफाईचा झाला, गळत नाही पूर्वीसारखं.

पौर्णिमा चार दिवसांवर आली आणि तार संपली. बाहेरची कडा तेवढी राहिली होती. कुरिअरवाला उद्या म्हणत होता, परवाही उद्याच म्हणाला होता. रत्नमाला फोन आपटून टेबलापाशी डोकं धरून बसली.

"काय झालं गं?" भामाबाई दाराशी आल्या. त्या दिवसापासून त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत.

"तार संपली, आई. एवढीशी कडा राहिलीय."

"एवढंच व्हय?" भामाबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या. कमरेची चंची काढून त्यांनी ती उलगडली आणि सटरफटरचा तो छोटा कप्पा रत्नमालाच्या ओंजळीत पालथा केला. "घे. तुझं सांडलेलं कथील. रोजच्याला उंबऱ्यावरनं वेचून ठेवत व्हते. आमच्याकडं कल्हईवाला यायचा ना, तो असा कण खाली सोडत नव्हता. म्हटलं पोरीचं वाया जातंय, लागंल कधीतरी."

मूठभर मणी. लहानमोठे, चपटे, गोल. कडेला पुरतील एवढे.

आणि रत्नमालाला आधी आनंद झाला. हे तिला नंतर कधीच विसरता आलं नाही. पहिल्या क्षणी तिला एवढंच दिसलं की कडा होईल, पान होईल, कोपऱ्यात नाव लागेल.

मग मण्यांना चिकटलेला तंबाखूचा चुरा दिसला. सुपारीचा भुगा दिसला. वर पाहिलं तर भामाबाईंनी, चंची सोडलीच आहे तर, म्हणून पान घेतलं होतं. ज्या बोटांनी मणी ओतले त्याच बोटांनी त्यांनी चुना लावला, तंबाखूची चिमूट घातली, आणि अंगठ्यानं ते पान गालात सरकवलं.

"थुंका! आई, थुंका ते आधी!"

भामाबाई घाबरून उठल्या, मोरीत जाऊन थुंकल्या. "काय झालं? काय व्हतं?"

"कीड," रत्नमाला म्हणाली. "पानात कीड दिसली मला."

तेही तोंडातून निघून गेलं. सहज, सवयीनं गेल्यासारखं.

"चंची द्या इकडं. धुऊन टाकते."

बाथरूमचं दार लावून तिनं चंची साबणात बुडवली. छोट्या कप्प्याचं अस्तर उलटं केलं तर आत करडं झालं होतं. पाणी काळपट झालं. तिनं दुसरं पाणी घेतलं, तिसरं घेतलं. खणाचा मूळ रंग कोयरीच्या कडेनं कुठं कुठं दिसायला लागला, पण अस्तर काही पांढरं होईना. नळ सोडून ती तिथंच खाली बसली. पदराखालचा तो डावा हात तिला आत्ता दिसत होता. भामाबाईंनी काचेला हात लावलाच नव्हता. सांगितलेलं त्यांनी अगदी शब्दशः पाळलं होतं.

आता बाहेर जाऊन काय सांगायचं, याची ती जुळवाजुळव करत राहिली. चंची फाटली म्हणावं. नवी शिवून द्यावी. उद्यापासून थेंब आपणच वेचावे. कुणाला काही कळायचं कारण नाही. कीड म्हणून गेलंच की निभावून.

ती बाहेर आली तेव्हा भामाबाई गॅलरीच्या उंबऱ्यावरून आत हात लांबवून, फरशीवर राहिलेले दोन मणी बोटाच्या टोकानं ओढून घेत होत्या.

"चंची नाय तंवर मुठीत धरते," त्या म्हणाल्या. "शिशाला नाय लागला हात. बघितलंस ना?"

रत्नमाला त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांची मूठ उघडून तिनं मणी काढून घेतले.

"आई, हे कथील नाही."

"कथीलच हाय. मला वळखू येत नाय व्हय?"

"कथील थोडं आहे. बाकी शिसं आहे."

"शिसा कुठं हाय त्यात? शिसा तो तिकडं, हिरवा."

"ती काच. हे शिसं. वेगळं असतं. धातू असतो." तिला शब्द सापडेना. विषारी, घातक, अपायकारक, सगळे पुस्तकातले. मग लहानपणी आजोळी ऐकलेला आठवला. "इख असतं ते, आई. इख. पोटात गेलं तर रक्तात उतरतं."

भामाबाईंनी आपल्या बोटांकडं पाहिलं. मग मोरीकडं. मग सुनेकडं.

"तुला ठाव व्हतं?"

"हो."

"पयल्यापासून?"

"हो."

"मला काच वाटती, हे?"

इथं नाही म्हणता आलं असतं. भामाबाईंनी जागा ठेवली होती तेवढी. त्या दुसरीकडं बघत होत्या. रत्नमालानं मान हलवली, हो अशी.

"मग बोलली नाहीस?"

"बोलले असते तर ही जागा मिळाली नसती."

भामाबाई उठल्या. मोरीत गेल्या. चुळा भरत राहिल्या, पाणी तोंडात खळखळवून टाकत राहिल्या, बराच वेळ. मग राखुंडीनं हात घासले. परत येऊन जिन्यापाशी बसल्या, पण पाटावर नाही, नुसत्या फरशीवर. चंचीशिवाय त्यांच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. त्या एकसारख्या पदराचं टोक पिळत होत्या.

संध्याकाळी राजकुमार आला. उद्या आईंना रक्ततपासणीला न्यायचंय, असं रत्नमालानं सांगायला सुरुवात केली आणि पुढचं सांगायला श्वास घेतला.

"पोटात कळ येती अधनंमधनं," भामाबाई मधेच म्हणाल्या. "म्हून."

त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रत्नमालाला वाटलं. त्या झाकल्या शब्दाखाली तिला श्वास घ्यायला जागा उरली नाही. भात वाढता वाढता तिनं नवऱ्याला सगळं सांगून टाकलं, खिडकीचं, शब्दाचं, चंचीचं, आणि आधी आनंद झाला तेसुद्धा. राजकुमार ताटावरून उठला नाही. भात मात्र तसाच राहिला. "माझी आई आहे ती, रत्ना," एवढंच म्हणाला.

रक्त काढलं, ते बाहेरगावच्या लॅबला गेलं. रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. रत्नमालानं दीपमालाताईंना फोन करून पान पौर्णिमेला होणार नाही असं कळवलं. "अहो, पत्रिकेत नाव छापलंय तुमचं!" त्या म्हणाल्या. "माझ्याकडून चूक झाली," रत्नमाला म्हणाली, आणि कसली ते सांगायचं धाडस तिला फोनवर झालं नाही. झरोक्यात साधी पांढरी काच बसली. उद्घाटनाला सगळी गल्ली गेली. रत्नमाला शेवटच्या रांगेत बसली आणि वंदना होईपर्यंत तिनं दाराकडं वर पाहिलं नाही. भामाबाई पुढं बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, पोटाशी रिकामे हात धरून.

त्या आठवड्यात तिनं गॅलरी उपसली. टेबल गच्चीवर टाकीशेजारच्या खोलीत गेलं. तिथं उन्हाळ्यात भट्टी पेटायची, पण जिना संपला की एकच दार, आणि दाराला कडी. फरशी तिनं ओल्या फडक्यानं पुसली, फडकी टाकून दिली, पुन्हा पुसली. खिडकीखाली पाट नेऊन ठेवला. भामाबाई त्यावर बसल्या नाहीत. पाट तसाच राहिला.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी चष्म्यातून पाहिलं. असायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त आहे, औषध लागणार नाही, संपर्क बंद झाला की हळूहळू उतरेल, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. दूध घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या. "आणि आजी, तंबाखू सोडा."

"घ्या," भामाबाई रिक्षात बसल्याबसल्या म्हणाल्या, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सुनेशी सरळ. "शिसं ऱ्हायलं बाजूला, माझ्या तंबाखूवर आला मेला."

रत्नमालाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही आवरलं. तो हक्क आत्ता आपला नाही असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर भामाबाई पाटावर जाऊन बसल्या. काच सरकवली. समोर लक्ष्मीबाई धुणं पिळत होत्या.

"लक्ष्मीबाई वो! कुठं व्हता इतके दिस?"

"मी इथंच हाय की! तुम्हीच गायब. काय झालं व्हतं?"

"काय न्हाय, आमच्या सुनेनं इख चारलं मला!"

गल्लीतल्या तीन खिडक्या तरी उघडल्या असतील. भामाबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. शिसा काय, शिसं काय, पान थुंकायला कसं लावलं, कीड कशी काढली. मधेमधे स्वतःच हसल्या. सांगितलं मात्र सगळं, एक कण खाली सोडला नाही. रत्नमाला स्वयंपाकघरात कणीक मळत उभी होती. तिनं हात थांबवले नाहीत आणि दारही लोटलं नाही.

नवी चंची तिनं हातानं शिवली. भामाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "टाका बरा हाय," म्हणाल्या. मग, "सटरफटरचा कप्पा कुठाय?"

"नाही ठेवला."

"ठेव. मला लागतो." थोड्या वेळानं त्यांनी वर बोट केलं. "आणि त्या वरच्या दारावर लिही. विष-बिष नको, ते शाळेतलं. इख लिही. मोठं. माझ्या वर्गातल्या बायांना बी वाचता आलं पायजे." म्हातारपणी प्रौढ वर्गात जाऊन त्या अक्षरं शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता.

तिनं लाल रंगात लिहिलं.

पिंपळपान नंतर झालं. सगळे सांधे उकलून, बिनशिशाच्या तारेनं पुन्हा जोडून. ही तार वेडीवाकडी वाहते, सांधा तेवढा गुळगुळीत येत नाही. "बिनशिशाचं म्हंजे बिनकाचेचं का?" भामाबाईंनी मुद्दाम विचारलं, आणि रत्नमालानं मुकाट्यानं पुन्हा समजावून सांगितलं.

पान न्यायला दीपमालाताई आल्या, तेव्हा भामाबाईंनी त्यांना जिन्यापाशीच अडवलं. "वर चाललाव? वर इख हाय, ठाव हाय ना? मला चारलंय सुनेनं." आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

दीपमालाताई आधी हसल्या. सासूसुनांची थट्टा असावी, म्हणून त्यांनी रत्नमालाकडं पाहिलं, तीही हसेल म्हणून.

"खरं आहे ते," रत्नमाला म्हणाली. तिचा चेहरा मानेपासून तापला होता. "मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. पौर्णिमेला पान झालं नाही ते त्यामुळं. आणि त्या दिवशी तुमच्यासमोर आईंना बोलले, तेव्हा चूक माझी होती."

दीपमालाताई ओढणी सारखी करत राहिल्या. रत्नमालानं वरून आणलेलं पान त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, उजेडात धरलं. कोपरा रिकामा होता. नावाचं त्यांनी विचारलं नाही.

"झालं का बघून?" भामाबाई म्हणाल्या. "आता खाली ठेवा ते, अन् हात धुवा आधी. दोघीबी. कोपरापतुर."

दोघी मोरीपाशी गेल्या. रत्नमालानं नळ सोडला, आधी दीपमालाताईंच्या हातावर साबण दिला, मग स्वतः घेतला. मागं पाटावर बसून भामाबाई धुतलं की नाही ते बघत होत्या.